आजोबांच्या फियाटची काळी पाटी ठेवता येईल का?

वसमत तालुक्यातील एका वाचकाचे पत्र:

सप्रेम नमस्कार. आमच्या आजोबांनी १९६२ साली नवी घेतलेली फियाट ११०० गाडी, जिला आमच्याकडे सगळे ‘डुक्कर फियाट’ म्हणतात, गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये वीस वर्षे उभी होती. यंदा इंजिन उघडून घेतले आणि गाडी सुरू झाली. आरसीचे पुस्तक परभणी कार्यालयाचे असून ते आजोबांच्याच नावावर आहे आणि त्यावरील मुदत २००४ साली संपली आहे. आजोबा आणि वडील दोघेही आता हयात नाहीत. आम्ही दोघे भाऊ व एक बहीण आहोत. गाडीला काळी पाटी आहे, पुढे इंग्रजी आणि मागे मराठी आकडे पेंटरने रंगवलेले आहेत. इंग्लंडमध्ये लेस्टरला राहणारे आमचे मेहुणे सांगतात की जुन्या गाडीला काळी पाटी कायदेशीर असते. एक एजंट म्हणतो की ‘व्हीए’ सिरीजचा व्हिंटेज नंबर पंधरा दिवसांत काढून देतो. भाऊ म्हणतो की पंधरा वर्षांवरची गाडी रस्त्यावर आणली तर जप्त होते. वैशाखात मुलीचे लग्न आहे आणि तिची पाठवणी याच गाडीतून करावी अशी घरात सर्वांची इच्छा आहे. काळी पाटी ठेवता येईल का, नंबर बदलावा लागेल का, आणि आम्ही कोणाचे ऐकावे?

उत्तर:

तुमच्या तिन्ही सल्लागारांचे म्हणणे कुठे ना कुठे खरे आहे, पण तुमच्या गाडीला त्यातले एकही लागू पडत नाही. आजोबांचा नंबर तुम्हाला ठेवता येईल. काळी पाटी मात्र रस्त्यावर ठेवता येणार नाही. आणि या दोन्हींच्या आधीची अडचण अशी की तुमची गाडी आज रस्त्यावर आणताच येणार नाही, आणि त्याचा पाटीशी काही संबंध नाही: तिच्या नोंदणीची मुदत संपून वीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे आणि ती दिवंगत व्यक्तीच्या नावावर आहे. तुम्ही शेतकरी आहात, म्हणून शेतीच्याच भाषेत सांगतो. पाटी म्हणजे बांधावरचा दगड आणि आरसी म्हणजे सात-बारा. फेरफार झालेला नसताना बांधावरच्या दगडाला रंग कोणता द्यावा, याची चर्चा तुमच्या घरात सुरू आहे.

तरी विचारलेल्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण पाटीविषयी गैरसमज फार आहेत. तुमचे मेहुणे सांगतात ते ब्रिटनपुरते बरोबर आहे. तेथे १ जानेवारी १९८० पूर्वी बनलेल्या आणि ‘ऐतिहासिक वाहन’ या करवर्गात नोंद झालेल्या गाडीला काळ्या पाटीवर पांढरी, चंदेरी किंवा राखाडी अक्षरे लावण्याची मुभा आहे. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ५० प्रमाणे खासगी वाहनाला पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे आणि भाडोत्री वाहतुकीच्या वाहनाला पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे असावी लागतात, आणि गाडी किती जुनी आहे यावरून या रंगात सूट मिळत नाही. आजोबांच्या गाडीवरची काळी पाटी हौसेची नव्हती. त्या काळी खासगी गाडीला काळ्यावर पांढरी आणि टॅक्सी-ट्रकला पांढऱ्यावर काळी अक्षरे असाच नियम होता, आणि तो या शतकाच्या सुरुवातीला बदलला. आज काळी पाटी दिसते ती स्वतः चालवायला भाड्याने दिल्या जाणाऱ्या गाड्यांवर, आणि तिच्यावरची अक्षरे पिवळी असतात. म्हणजे तुमची फियाट त्या पाटीसह वसमतच्या चौकात उभी राहिली तर हवालदाराला ती भाड्याची गाडी वाटण्याचाही संभव आहे.

मागच्या पाटीवरील मराठी आकड्यांचीही तीच गत आहे. नियमाप्रमाणे अक्षरे इंग्रजी आणि आकडे आंतरराष्ट्रीय अंकांतलेच हवेत. मोटारगाडीसाठी त्यांची उंची ६५ मिलिमीटर, रेषेची जाडी १० मिलिमीटर आणि दोन अक्षरांमधील अंतर १० मिलिमीटर असे मापही ठरलेले आहे. मला स्वतःला जुन्या पेंटरांनी बारीक कुंचल्याने काढलेले देवनागरी पाच आणि आठ फार आवडतात, आणि मराठवाड्यातल्या आठवडी बाजारात तशा पाट्यांच्या जिपा आमच्या पिढीने भरपूर पाहिल्या आहेत. पण आवड आणि नियम यांची येथे गाठ पडत नाही.

आता नंबराविषयी. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि त्यानंतर ‘एमएच’, जिल्ह्याच्या कार्यालयाचा आकडा, मालिकेची अक्षरे आणि क्रमांक ही आजची पद्धत आली. त्यात परभणीला २२ आणि पुढे हिंगोलीला ३८ मिळाला. त्यापूर्वीचे तीन अक्षरे आणि चार आकड्यांचे नंबर या बदलाने रद्द झाले नाहीत. ज्या गाडीची नोंदणी वेळोवेळी नूतनीकृत होते, ती आजही त्याच नंबरावर चालते. अडचण असते ती संगणकाची. नूतनीकरण, नावबदल आणि पाटीची मागणी या सर्व गोष्टी आता ‘वाहन’ प्रणालीतून होतात, आणि तुमच्या गाडीसारख्या गाड्यांची नोंद हाताने लिहिलेल्या जुन्या रजिस्टरातच राहून गेलेली असते. ती संगणकात चढवून घेण्याला कार्यालयात ‘बॅकलॉग एंट्री’ म्हणतात. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. तुमचे पुस्तक परभणीचे आहे, म्हणून मूळ नोंद परभणीच्या दप्तरात शोधावी लागेल. आरसी पुस्तकाच्या प्रत्येक पानाची, कोऱ्या पानांचीही, स्वच्छ छायाप्रत जोडून लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच शिक्क्यासह घ्या. ही नोंद संगणकावर दिसू लागेपर्यंत पुढचे कोणतेही काम सरकणार नाही, म्हणून तोवर एजंटाला एक रुपयाही देऊ नका.

त्या एजंटाने सांगितलेला ‘व्हीए’ नंबर खोटा नाही. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये नियम ८१-ए ते ८१-जी नव्याने घालून व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल न केलेली दुचाकी व चारचाकी वाहने त्यात बसतात. नव्या नोंदणीला राज्याची दोन अक्षरे, मग ‘व्हीए’, मग दोन अक्षरांची मालिका आणि ०००१ ते ९९९९ पैकी क्रमांक मिळतो. म्हणजे महाराष्ट्रातल्या अशा पाटीवर जिल्ह्याचा आकडाच नसतो. गाडी हिंगोलीची की मुंबईची, हे तिच्यावरून कळत नाही. परंतु हा नंबर मुख्यतः आयात केलेल्या किंवा येथे पूर्वी नोंदच नसलेल्या गाड्यांसाठी आहे. जिची भारतात आधीच नोंदणी आहे, तिला व्हिंटेज नोंदणीतही आपला मूळ नंबर कायम ठेवता येतो. तेव्हा आजोबांचा नंबर हातात असताना ‘व्हीए’ नंबरासाठी धडपडण्याचे काही कारण नाही. पंधरा दिवसांच्या वायद्याबद्दल इतकेच सांगतो की अर्ज परिवहन पोर्टलवरून नमुना २० मध्ये होतो, राज्याने नेमलेली समिती गाडी पाहून ती व्हिंटेज आहे की नाही हे ठरवते, आणि प्रमाणपत्र देण्यासाठी नियमातच ६० दिवसांची मुदत आहे.

मग व्हिंटेज नोंदणी, मूळ नंबरासह, घ्यावी की नेहमीचे नूतनीकरण करावे? कागदावर पाहिले तर व्हिंटेज स्वस्त दिसते. पूर्वी नोंदलेल्या गाडीच्या व्हिंटेज पुनर्नोंदणीला ५,००० रुपये शुल्क आहे, नवीन नोंदणीला २०,००० रुपये, आणि ती १० वर्षे चालते. नेहमीचे नूतनीकरण पाच वर्षांसाठीच होते, आणि ऑगस्ट २०२५ मधील दुरुस्तीनंतर २० वर्षांपेक्षा जुन्या मोटारगाडीसाठी त्याचे शुल्क १०,००० रुपये झाले आहे. त्यात मुदतीनंतर उशीर झाल्यास दरमहा ५०० रुपये जादा शुल्काची तरतूद आहे. तुमची मुदत २००४ सालीच संपलेली असल्याने हा हिशेब कोणत्या तारखेपासून धरला जातो, ते तोंडी ऐकून घेऊ नका, कार्यालयाकडून आकडा लेखी काढून घ्या. त्याशिवाय राज्याचा पर्यावरण कर भरावा लागेल. एवढा फरक पाहून कोणीही व्हिंटेजकडेच वळेल.

तरीही तुम्ही व्हिंटेज नोंदणी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या नोंदणीची गाडी नेहमीच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी रस्त्यावर चालवता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, तेथवर जाणे-येणे, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी ती बाहेर काढता येते. मुलीची पाठवणी, औंढा नागनाथला देवदर्शन किंवा शेतावर एक चक्कर यांतले काहीही त्या यादीत नाही. शेडमध्ये चार-पाच गाड्या असणाऱ्या संग्राहकाला ही अट जाचत नाही. एकच गाडी असलेल्या आणि ती घरच्या माणसासारखी वापरू पाहणाऱ्या कुटुंबाला ती जाचते. पाच हजार रुपये वाचवून गाडी पुन्हा शेडमध्येच ठेवायची असेल, तर इंजिन उघडलेच कशाला? (पुढेमागे तुम्ही तिला व्हिंटेजमध्ये नेलेच आणि नंतर विकली, तर विकणारा आणि घेणारा या दोघांनी ९० दिवसांत परिवहन प्राधिकरणाला कळवावे लागते, हेही नोंदवून ठेवा.) आणखी एक खुलासा करतो, कारण अशी पत्रे जीपवाल्यांकडूनही येतात: मूळ पेट्रोल इंजिन काढून नंतर डिझेल इंजिन बसवलेली जुनी जीप ५० वर्षांची असली तरी व्हिंटेजच्या व्याख्येत बसत नाही, आणि इंजिनबदलाला परवानगी घेतलेली नसेल तर नेहमीच्या नूतनीकरणातही ती अडते. तुमचे मूळ इंजिन शाबूत आहे. ते तसेच राहू द्या.

तुमच्या भावाची धास्ती दिल्लीच्या बातम्यांमुळे आहे. दहा वर्षांवरची डिझेल आणि पंधरा वर्षांवरची पेट्रोल वाहने यांवरील बंदी दिल्ली व राष्ट्रीय राजधानी परिसरासाठी आहे. मराठवाड्यात केवळ वयावरून खासगी गाडी जप्त होत नाही. पंधरा वर्षांनंतर गाडीची तपासणी करून नोंदणीचे नूतनीकरण करायचे, एवढाच येथे नियम आहे. मात्र मुदत संपलेल्या नोंदणीवर गाडी चालवली, तर कायद्याच्या कलम १९२ प्रमाणे पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. विमा नसताना अपघात झाला तर नुकसानभरपाईचा बोजा थेट तुमच्यावर येतो. म्हणून ‘जरा नाक्यापर्यंत फिरवून आणतो’ हेही सध्या नको.

नावबदलाचे काम लांबेल ते वारसांमुळे, कार्यालयामुळे नव्हे. मालकाच्या मृत्यूनंतर ३० दिवसांत कळवावे आणि तीन महिन्यांत नमुना ३१ मध्ये अर्ज करावा, असा नियम आहे; ती मुदत केव्हाच टळली असली तरी अर्ज करण्याचा मार्ग तोच आहे. गाडी आजोबांच्या नावावर असल्याने वारसांची गणना वडिलांपासून सुरू होत नाही, आजोबांपासून होते. तुम्ही पत्रात दोघे भाऊ आणि एक बहीण एवढेच लिहिले आहे. तुम्हाला आत्या-काका असतील, तर त्यांची किंवा त्यांच्या वारसांची संमतीही लागेल, आणि आई हयात असतील तर त्यांचीही. आजोबा आणि वडील यांचे मृत्यूचे दाखले, वारसांचा पुरावा, बाकीच्या सर्वांची नोटरी केलेली संमतीपत्रे आणि ज्याच्या नावावर गाडी करायची त्याचा पत्त्याचा पुरावा ही कागदपत्रे एकत्र करा. जमिनीच्या वाटणीवरून एखाद्या आत्याशी बोलणे बंद असेल, तर तिच्याकडे स्वतः जा. टपालाने कोरे संमतीपत्र पाठवू नका. गाडीची किंमत थोडी असेल, पण तिच्या वडिलांची म्हणून ती तिचीही आहे.

कागदपत्रे जमत असताना एक काम आजच करा: चासी नंबर सापडवा. नूतनीकरणाच्या वेळी निरीक्षक पाटी नंतर पाहतो. आधी बॉनेट उघडायला लावतो आणि पत्र्यावर ठोकलेला नंबर पुस्तकातल्या नंबराशी अक्षर-अक्षर ताडून पाहतो. वीस वर्षांच्या गंजाने, उंदरांच्या मुताने आणि जुन्या रंगाच्या थरांनी तो बुजलेला असणार. तेथे मेकॅनिकला ग्राइंडर किंवा तारेचा ब्रश लावू देऊ नका. माझ्या जुन्या स्कूटरच्या बाबतीत एका गॅरेजवाल्याने ‘साहेब, चकाचक करून देतो’ म्हणत पॉलिश पेपर मारला आणि दोन आकडे पुसले गेले. ते आकडे खोडलेले नाहीत, झिजलेले आहेत, हे पटवून देण्यात माझे सात महिने गेले. रॉकेलमध्ये भिजवलेली मऊ चिंधी रात्रभर त्या जागेवर ठेवा, सकाळी दात घासायच्या जुन्या ब्रशने हलके घासा, कोरडे पुसा, मग पातळ पांढरा कागद वर धरून शिसपेन्सिल आडवी फिरवा. आकडे कागदावर उमटतील. या पेन्सिल प्रिंटच्या तीन-चार प्रती काढून ठेवा, कारण त्या नूतनीकरणाच्या अर्जाला लागतात. इंजिन नंबरचेही असेच करा. पुस्तकात लिहिताना कारकुनाने जुन्या काळी १ चा ७ किंवा बी चा ८ केलेला असणे अगदी शक्य आहे. तसे आढळले तर ते तपासणीच्या दिवशी निरीक्षकाने दाखवण्याऐवजी तुम्हीच आधी लेखी कळवावे, हे उत्तम.

नावबदल, नमुना २५ मधील नूतनीकरणाचा अर्ज, विमा, पीयूसी आणि ब्रेक, दिवे, हॉर्न, वायपर, टायर यांची तपासणी एवढे पार पडले की मग पाटी. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना महाराष्ट्रात उच्च सुरक्षा पाटी बसवणे बंधनकारक आहे, आणि तिची मागणी परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरून नोंदवायची असते. तेथे चासी व इंजिन क्रमांकांचे शेवटचे पाच आकडे मागतात. संगणकातली नोंद चुकली असेल तर काम तेथेच थांबते. मोटारगाडीच्या जोडीचा दर ७४५ रुपये अधिक जीएसटी आहे. ही पाटी ॲल्युमिनियमची असते, डाव्या वरच्या कोपऱ्यात अशोकचक्राचा २० मिलिमीटरचा होलोग्राम असतो, खाली लेझरने कोरलेला कायमचा क्रमांक असतो आणि ती एकदा बसवली की न मोडता काढता येत नाही. पुढच्या काचेच्या आतून लावायचा स्टिकर पेट्रोल गाडीसाठी फिकट निळ्या रंगाचा मिळतो.

जुन्या फियाटच्या बाबतीत खरी काळजी घ्यायची ती बसवताना. पाटी दोन मापांत येते: ५०० बाय १२० मिलिमीटरची लांबट आणि ३४० बाय २०० मिलिमीटरची दोन ओळींची. मागणी नोंदवण्यापूर्वी पुढची व मागची जागा टेपने मोजा आणि त्याच मापाचा पुठ्ठा कापून तेथे धरून पाहा. बसवणारा मुलगा दिवसाला कित्येक गाड्या करतो. तो सरळ ड्रिल घेऊन क्रोमच्या बंपरला भोके पाडेल. म्हणून आधीच वेल्डरकडून जाड पत्र्याची चौकट करून घ्या, ती जुन्या पाटीच्याच नटबोल्टांवर बसवा आणि नवी पाटी त्या चौकटीवर ठोकून घ्या. मागच्या पाटीवर उजेड टाकणारा छोटा दिवा चालू हवा, कारण रात्री तो नंबर पंधरा मीटरवरून वाचता यावा अशी अपेक्षा असते. आणि चौकट पुढे आल्याने त्या दिव्याचा उजेड पाटीच्या वरच्या कडेवरच अडत नाही ना, हे अंधार पडल्यावर पाहून घ्या.

तुमच्या पत्राच्या निमित्ताने देगलूर, उदगीर भागातल्या वाचकांसाठी थोडेसे. त्या भागात हैदराबादेत घेतलेल्या आणि अजून तिकडच्याच नंबरावर असलेल्या जुन्या गाड्या आहेत. परराज्यातील गाडी येथे बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली तर कलम ४७ प्रमाणे महाराष्ट्राचा नंबर घ्यावा लागतो, आणि त्यासाठीचे नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र आता तेलंगणाच्या कार्यालयातून आणावे लागते. त्यांचा जुना नंबर नेहमीच्या नोंदणीत टिकत नाही.

राहिला वैशाखातला मुहूर्त. वारसांची संमती महिनाभरात जमली आणि परभणीचे दप्तर लवकर सापडले तर तुमचे काम तोवर होऊ शकेल, पण मी तुमच्या जागी असतो तर त्या भरवशावर पाठवणी ठरवली नसती. तोपर्यंत कागद पूर्ण झाले नाहीत, तर मुलीला दुसऱ्या गाडीतून पाठवा आणि फियाट धुऊन, पुसून, झेंडूच्या माळा घालून वाड्याच्या आवारात उभी करा. घराच्या आवारात नुसत्या उभ्या असलेल्या गाडीला नूतनीकरण लागत नाही. नवी पाटी अजून बसलेली नसेल, तर त्या दिवशी आजोबांची काळी पाटी, मागच्या मराठी आकड्यांसह, तिच्यावर असू द्या. फोटो त्याच पाटीसह काढा, आणि नंतर ती काढून देवघराशेजारच्या भिंतीवर टांगा.